किती दिवस आहेस?

खोली बघायला गेले त्या दिवशी बाईंनी मला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, स्वयंपाकात काय चालतं तेही विचारलं नाही. दार उघडून चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेस?"

मी म्हटलं, "करार अकरा महिन्यांचा असतो ना?"

"करार मला माहीत आहे. तू किती दिवस आहेस?"

नाशकातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे दर जूनला नव्याने मुलाखत, आणि तोवर आपण कुणाचेच नाही. शेवटी म्हटलं, "खरं सांगू का, मलाच ठाऊक नाही."

"खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "जा, वर खोली बघून ये. तोवर चहा टाकते. आणि मला काकू म्हणायचं नाही. बाई म्हण."

त्या घरात मी चार वर्षं काढली. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एक जुना बंगला, खाली बाई एकट्या, वर मी. यजमान केव्हाच गेलेले, एकुलती एक लेक जर्मनीत. किती दिवस, किंवा किती वेळ, हा प्रश्न त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या. गॅसवाल्याला, नळ दुरुस्त करायला आलेल्याला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या भाच्याला. उत्तरावर पाहुणचार ठरायचा. पाच मिनिटंवाल्याला पाणी, अर्ध्या तासवाल्याला चहा, त्याहून जास्तवाल्याला पोहे. "बघू" म्हणणाऱ्याला काहीच नाही. भाच्याला तो अपमान वाटायचा. पहिले काही महिने मलाही राग यायचा. पुढे सवय झाली, आणि आता स्वतःच्या घरी कुणी आलं की हाच प्रश्न माझ्या ओठांवर येतो आणि मी तो गिळते.

बाई एका मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी रेक्टरकी सुटली नव्हती. संध्याकाळी साडेसातला बंगल्याच्या गेटला कुलूप लागायचं. तेव्हा मी तिशी ओलांडलेली बाई, पण मलाही उशीर होणार असेल तर आधी फोन करावा लागे. कुंभमेळ्यासाठी सगळं शहर खणून ठेवलेलं, कुठला रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही, तरी बाईंचं उत्तर ठरलेलं, "मग लवकर निघायचं." दिवसभर वर्गात घसा फोडून आल्यावर हे ऐकायला नको वाटायचं. मी मनातल्या मनात त्यांना फार बोललेली आहे.

त्यांच्या हाताखालून गेलेली एक मुलगी पुढे माझ्याच कॉलेजात शिकवायला होती. तिने मला वेगळीच गोष्ट सांगितली. नवरात्रात ती वणीला गेली होती. येताना गाडी बंद पडली आणि वसतिगृहात पोचायला उशीर झाला. गेट बंद. तिने गयावया केली, रडली. बाई गेटच्या आतून म्हणाल्या, "वेळ संपली. गेट उघडणार नाही." आणि मग मागच्या दाराने बाहेर आल्या. रेक्टरचं क्वार्टर कुंपणाला लागून, पण गेटच्या बाहेर होतं. तिला तिथे नेलं, गरम भात वाढला आणि स्वतःच्या पलंगावर झोपवलं. सकाळी उशिराच्या रजिस्टरात तिचं नाव लिहिलं ते लिहिलंच. "माझ्या आधी किती जणी त्या पलंगावर झोपून गेल्या होत्या कोण जाणे," ती म्हणाली. "पण गेट त्यांनी एकदाही उघडलं नाही."

अशा बाईंच्या वाट्याला म्हातारपणी दुसऱ्या कुणाचं तरी गेट आलं.

त्यांची लेक जर्मनीत एका इस्पितळात नर्स होती. मूल सहा महिन्यांचं असताना नवरा वेगळा झाला आणि कॅनडाला निघून गेला. दिवसा मुलासाठी पाळणाघर होतं, पण लेकीची ड्यूटी बरेचदा रात्रीची. रात्री मूल कुणाकडे ठेवायचं? म्हणून बाई जायच्या. पण पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला तिथे कोणत्याही सहा महिन्यांत मिळून तीनच महिने राहता येतं. तीन महिने झाले की बाहेर पडायचं, पुढचे तीन महिने लांबूनच नातवाचं तोंड बघायचं. जास्त दिवस राहायचा व्हिसा वेगळा, आणि तो नोकरीवाल्याला मिळतो, शिकणाऱ्याला मिळतो. तेव्हा केलेल्या चौकशीत तरी आजीसाठी तसली काही सोय निघाली नाही.

हे गल्लीतल्या लोकांना कधीच पटलं नाही. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ दर खेपेला बाईंशी वाद घालायचे. "अहो, व्हिसा दोन वर्षांचा दिलाय ना तुम्हाला? मग दोन वर्षं राहा की."

"दोन वर्षं म्हणजे गेट कधीपर्यंत उघडं आहे ते," बाई सांगायच्या. "भेटीच्या खोलीत किती वेळ बसायचं ते वेगळं असतं."

"मग दोन दिवस शेजारच्या देशात जाऊन या. परत गेलात की नव्याने मोजणी सुरू."

"ते सगळे देश मिळून एकच वसतिगृह आहे. या खोलीतून त्या खोलीत गेलं म्हणून कुणी बाहेर पडत नाही."

गृहस्थ मान हलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच सुचवायचे. एकदा तर म्हणाले, दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर कोण बघतंय? त्या दिवशी बाईंनी त्यांना चहाही दिला नाही.

आता उरलेल्या तीन महिन्यांचं काय? तिथे विहीण जायची. जावई सोडून गेला होता, पण त्याची आई सुटली नव्हती. आपल्याकडे परदेशातल्या बाळंतपणाला आधी मुलीची आई जाते आणि तिची मुदत संपली की मुलाची आई, हे आता घरोघरचं झालं आहे. इथे लग्न मोडलं तरी ती पाळी चालूच राहिली. विहीण मखमलाबादच्या मळ्यातली. झेंडू, शेवंती, गुलाब लावायचे आणि पहाटे पंचवटीत नेऊन विकायचे, हा घरचा धंदा. तिने उभ्या जन्मात मुंबई दोनदा पाहिलेली. पहिल्या खेपेला विमानतळावर चप्पल काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितली तर तिने देवळात शिरल्यासारखी हात जोडून कमान ओलांडली, असं लेकीने आईला सांगितलं होतं. बाई ते सांगताना हसल्या नाहीत. "त्या बाईंना जमतं सगळं," एवढंच म्हणाल्या.

"त्या बाई" याखेरीज बाईंनी तिचा दुसरा उल्लेख कधी केला नाही. पोरीचा संसार मोडला त्याचा सगळा राग त्या माउलीवर निघाला होता. दोघी एकमेकींशी बोलत नसत. एक विमानातून उतरायची त्याच दिवशी दुसरी चढायची. दोघी मिळून एक मूल वाढवत होत्या आणि चार वर्षांत एका खोलीत कधी बसल्या नव्हत्या.

जर्मनीतल्या त्या स्वयंपाकघरावरून मात्र दोघींची लढाई चालायची. बाई गोडा मसाला भरून ठेवून यायच्या. तीन महिन्यांनी गेल्या की तो तळाच्या फडताळात गेलेला आणि त्याच्या जागी काळा मसाला. नातवाची भाषाही पाळीप्रमाणे बदलायची. बाई पोचल्या की पहिला आठवडा त्याचं "नाय, नाय" ऐकत काढायच्या. ते "नाही" होईपर्यंत त्यांची परतायची वेळ यायची.

इकडे आल्यावर बाईंना करमायचं नाही. त्यांची बॅग बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात उघडीच पडलेली असे. रिकामी म्हणून कधी करायच्याच नाहीत. रोजची साडीसुद्धा त्यातूनच काढायच्या, धुऊन त्यातच घालायच्या. साखर अर्धा किलो आणायच्या. कुंडीत नवं झाड लावायचं नाही, त्याला पाणी कोण घालणार? तुळस तेवढी माझ्या ताब्यात दिली होती. मी एकदा म्हटलं, "बाई, हे घर तुमचं आहे हो." त्या म्हणाल्या, "असेल. पण इथे मी वाट बघायला येते." ते ऐकून मला फार थकल्यासारखं झालं. मी तरी त्या शहरात दुसरं काय करत होते?

विहिणीला मी ओळखू लागले ती गेटवर. तिच्या पाळीसाठी बाई स्वतः निघतानाच नातवासाठी मेतकूट, नाचणीचं सत्त्व, बाळगुटी यांची पिशवी माझ्याकडे ठेवून जायच्या आणि जायच्या आधी विहीण ती न्यायला यायची. बाई तेव्हा तिकडेच असायच्या. पिशवी द्यायचं काम माझ्याकडे. विहीण गेटबाहेर उभी राहायची, ठेंगणी, सावळी, नऊवारीवर पुरुषी स्वेटर. दर वेळी माझ्या हातात झेंडूची एक जुडी ठेवायची.

"आत या ना," मी म्हणायचे.

"त्या म्हनल्या का, या म्हनून?"

मी पिशवी पुढे करायचे.

"मंग राहू दे. इथंच बरी हाय." आणि मग हळूच, "पोरगं माझंच धड निघालं नाय, त्याला त्यांनी काय करावं? नातू माझा बी हाय ना पर. तेवढं करू देतात, लय झालं."

हे मी बाईंना एकदा सांगितलं. त्या वर्तमानपत्र वाचत राहिल्या. पण पुढच्या पिशवीत मेतकुटाच्या दोन पुड्या होत्या. एकीवर "तुमच्यासाठी" असं लिहिलं होतं.

मग ते अमावास्येचं झालं.

बाई तिकडे होत्या आणि त्यांचा शेवटचा दिवस आला होता. विहिणीचं तिकीट त्याच हिशेबाने लेकीने काढलेलं. त्या घरात मराठी कॅलेंडर नव्हतं आणि असतं तरी कुणी बघितलं नसतं. निघायच्या आदल्या दिवशी विहिणीच्या लक्षात आलं की उद्या अमावास्या आहे. तिने फोन केला, "मी अवसेला उंबरा वलांडनार नाय." लेकीने समजावलं, रागावली, रडली. विहीण ऐकेना. दोन दिवसांनी येते म्हणाली. लेकीची त्या दोन्ही रात्री ड्यूटी होती आणि नव्या जागेवर लागून महिनाच झाला असल्याने रजा मागायची सोय नव्हती. चार वर्षांचं मूल रात्रभर एकटं ठेवायचं कसं?

बाई थांबल्या. नियम त्यांना त्या देशातल्या पोलिसाइतकाच ठाऊक होता. तरी थांबल्या.

परत आल्यावर त्यांनी मला वर येऊन सांगितलं. चार वर्षांत जिना चढून त्या तेव्हा पहिल्यांदाच माझ्या खोलीत आल्या होत्या. "विमानतळावरच्या माणसाने शिक्के मोजले," त्या म्हणाल्या. "दोनदा मोजले. मग मला विचारलं, मुदत कधी संपली ते तुम्हाला माहीत नव्हतं का? तरुण मुलगा होता. मला वाट काढून देत होता, ते मला कळत होतं. मीही मुलींना असंच विचारायची."

"मग काय म्हणालात?"

"माहीत होतं म्हटलं."

"अहो बाई."

"मग काय सांगायचं? बरं नव्हतं म्हणून सांगू? इतक्या मुलींना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि आता या वयात मीच बोलू?" त्या माझ्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याने लिहून घेतलं. अक्षर चांगलं होतं त्याचं."

मला विहिणीचा भयंकर राग आला होता. एका तिथीपायी एवढं? मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "तिचा नवरा अमावास्येला फुलांची गाडी घेऊन निघाला होता. तो घरी आला नाही. लेकीने मला तिथे सांगितलं." आणि मग, "मला आधी माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नाही."

जुना व्हिसा संपतच आला होता. नव्याचा अर्ज नामंजूर झाला. मागच्या खेपेला मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचं कारण दिलेलं. शेजारच्या गृहस्थांना आता भारी उत्साह आला. वकील लावा, दाद मागा, वयाचं कारण पुढे करा. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "लिहिलंय ते खरं आहे. दाद कशाची मागू?" पुन्हा कधीतरी अर्ज करता येईल, असं लेक फोनवर सांगत होती. कधी ते तिलाही सांगता येत नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर बैठकीतला कोपरा रिकामा. बाईंनी बॅग उपसली होती, साड्या कपाटात लावल्या होत्या. बॅग माळ्यावर टाकायला मला हाक मारली. मी स्टुलावर चढून ती वर ढकलली. खाली उतरले तेव्हा त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता साखर पाच किलोच आणू." मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

तिकडे विहिणीचे तीन महिने सरत आले. तिच्यानंतर जायला कुणीच नव्हतं. लेकीने खूप डोकं आपटलं आणि शेवटी ठरवलं की विहिणीबरोबर मुलालाच तीन महिने नाशकात बाईंकडे पाठवायचं. मग विहिणीला परत जाता येईल तेव्हा तिनेच त्याला घेऊन जायचं. शाळा सुरू होईपर्यंत हे निभेल, पुढचं पुढे. तिकीट या खेपेला पंचांग बघून काढलं, अमावास्येच्या चांगलं आधीचं. आणि नेमका पोराला ताप भरला. डॉक्टरांनी विमानात बसवू नका म्हणून सांगितलं. ताप उतरल्यावर नवं तिकीट बघितलं, तर एक अमावास्येचं मिळत होतं आणि दुसरं थेट पुढच्या आठवड्यातलं. पुढच्या आठवड्यात विहिणीची मुदत उलटत होती.

बाई दोन दिवस फोनजवळून हलल्या नाहीत. ती थांबणार याची त्यांना खात्री होती, मलाही होती. ती थांबली की तिचंही नाव लिहिलं जाणार, आणि मग त्या मुलाकडे जाऊ शकेल असं कुणीच उरणार नव्हतं. बाईंनी तिला फोन मात्र केला नाही. "कुठल्या तोंडाने सांगू तिला, नीघ म्हणून?"

विहीण निघाली. अमावास्या लागल्यावर घर सोडलं आणि ती संपायच्या आत इकडे पोचली. मुंबईहून गाडी केली होती. कसाऱ्याच्या घाटात अडकले म्हणून फोन आला तेव्हा सहा वाजून गेले होते. साडेसात झाले. मी सवयीने गेटकडे बघितलं. गेट सताड उघडं होतं आणि बाई कुलूप मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

गाडी आली तेव्हा अंधारून आलं होतं. आधी विहीण उतरली, अंगात तोच स्वेटर. मग तिने पोराला हात धरून उतरवलं. बाई उठून गेटपर्यंत गेल्या. तीन महिन्यांच्या विरहानंतर पोर धावत येऊन बिलगेल असं मला वाटलं होतं. पोराने बाईंना बघितलं, मग विहिणीकडे बघितलं, आणि तिच्या लुगड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून भोकाड पसरलं.

बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

विहीण अवघडून म्हणाली, "तसं नाय हो विहीनबाई. तुमच्यावर नाय तो रडत. त्याला वाटतंय, तुमी आल्या म्हंजी मी चालले. त्यानं आमाला दोघीला संगं कधी पाह्यलंच नाय ना."

गाडीवाला बॅगा उतरवत होता. बाई पोरासमोर हळूहळू खाली बसल्या, गुडघा धरून. पोराने हुंदके देत त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्याच सुरात विचारलं, "आजी, तू किती दिवस आहेस?"

"मी इथेच असते," बाई म्हणाल्या. "मला इथून कुणी जायला सांगत नाही."

"आणि ही आजी?"

विहिणीने बॅगेचा दांडा धरला होता. "मी जाते आता मळ्यात. गाडी हायेच, सोडंल तो मला," ती म्हणाली. "उद्या येईन त्याला बघायला. गेटापाशी येईन."

बाई माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी विहिणीच्या हातातून बॅग घेतली आणि गेटच्या आत ठेवली.

"अमावास्या अजून संपलेली नाही," त्या म्हणाल्या. "आज निघायचं नसतं. आत या, विहीणबाई."

मग गाडीवाल्याला जायला सांगितलं आणि आम्ही सगळे आत आल्यावर गेटला कुलूप लावलं.